सुपातला गोंडा

खाडीच्या काठी, तिवरांच्या झाडीला पाठ लावून एक गाव बसलं होतं. त्या गावात चांगुणा नावाची बाई राहायची. तिच्या हातात एकच विद्या होती, गळाला गोंडा बांधायची.

गळाला गोंडा कशाला, असं कोणी विचारेल. तर नुसत्या लोखंडाला मासा तोंड लावत नाही. म्हणून गळाच्या डोक्यावर शिशाची गोळी बसवायची आणि गोळीखाली धाग्यांची झालर बांधायची. होडीमागून ओढला की गोंडा फुलतो, मिटतो, पुन्हा फुलतो. माशाला वाटतं कोळंबी पळाली, आणि तो झडप घालतो. गावातल्या बायका त्याला गळाचा घागरा म्हणत आणि तोंडाला पदर लावून हसत. पुरुषांना घागरा म्हणायची लाज वाटे. ते गोंडाच म्हणत.

हा सगळा खटाटोप जिताड्यासाठी. जिताडा म्हणजे त्या खाडीचा राजा. सोयरीक जुळली की जिताडा, मोठा पाहुणा आला की जिताडा, आणि भांडण मिटलं तरी जिताडाच. ज्या घरी जिताडा शिजे त्या घराच्या दारावरून लोक मुद्दाम दोनदा जात.

बंदरावर एक लाकडी खांब होता आणि खांबाला एकच खुंटी होती. ज्याचे गोंडे त्या खुंटीला लटकत, त्याचेच गोंडे गावच्या सगळ्या होड्या वापरत. दुसऱ्याचा गोंडा कोणी हातात घेत नसे. खुंटीवर आधी चांगुणेच्या आजाचे गोंडे होते, मग बापाचे. बापाला मुलगा नव्हता. मरताना त्याने पोरीला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "बाय, खुंटी सोडू नको." चांगुणेने ती सोडली नव्हती. लग्न झालं, नवरा वारला, पण खुंटी तिचीच राहिली. गावात तिला मान होता तो त्या वीतभर लाकडामुळे.

खुंटीवर कोणाचे गोंडे लावायचे ते पाटील ठरवी, आणि त्याची एक रीत होती. एका सुपात पांढरं फडकं अंथरायचं, त्यावर गोंडे मांडायचे, आणि पाटलाने ते हातात घेऊन, झटकून, फुंकर मारून पसंत करायचे. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असं म्हणतात. त्या गावचे गोंडेही सुपात असताना खूप हसायचे. पाण्यात गेल्यावर त्यांचं काय होतं, ते मात्र आजवर कोणी पाहिलं नव्हतं. पाहणार कोण? गोंडा पाण्यात आणि पाटील काठावर.

झालं असं की, मागल्या पावसात वरच्या अंगाचा खारबांध, म्हणजे शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेला बांध, फुटला. शेतांची सगळी माती खाडीत आली आणि खाडीचं पाणी चहासारखं झालं. तेव्हापासून जिताडा गोंड्याला लागेना. होड्या जायच्या आणि बोयटांसारखी बारकी मासळी, कोळंबी घेऊन परत यायच्या. चांगुणा तरीही बापासारखाच गोंडा बांधत राहिली. केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, पांढुरके धागे, मध्ये दोन पिवळे. बापाने शिकवलं ते चुकेल कसं, असं तिला वाटे. कोणी कुरकुर केली की ती म्हणे, "बा असाच बांधायचा." हे ती इतक्या वेळा म्हणाली की पुढे पुढे लोक तिच्याआधीच म्हणू लागले.

अशा वेळी शेजारच्या पाड्यावरचा हासुराम पुढे आला. हासुरामचा हात फार गोड. बैलांच्या शिंगांचे गोंडे, नवरदेवाच्या मुंडावळ्या, पालखीच्या झालरी, सगळं तो करी. त्याने आधी पाटलाच्या पागोट्याला जरीचा एक सुंदर गोंडा बांधून दिला. मग रोज सकाळी येऊन तो पाटलाला सांगे की पागोटं आज कालच्यापेक्षा जास्त शोभतंय. मराठीत 'गोंडा घोळणे' का म्हणतात, हे ज्याला समजत नसेल त्याने पाटलाच्या ओटीवर सकाळचा घटकाभर बसावं.

एके दिवशी हासुरामने सुपात आपले गळाचे गोंडे मांडले. तांबडं रेशीम, त्यात जर, आणि मध्ये मोरपिसाचा एक हिरवा केस. उन्हात ते असे चमकले की जमलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम "वा!" निघालं. शेजारी चांगुणेचे पांढुरके गोंडे म्हाताऱ्याच्या दाढीसारखे पडले होते.

पाटील म्हणाला, "चांगुणे, तुजं गोंडं जुनं झालं. बग, मासा पन फिरकत नाय."

चांगुणा ताठ उभी राहिली. "पाटीलबाबा, सुपात मासा नाय. मासा पान्यात हाय. पान्यात ठरवा."

लोकांना हे पटलं. पाटलालाही नाही म्हणता येईना. त्याने निवाडा दिला. अमावास्येचं उधाण तीन दिवसांवर होतं. त्या उधाणाच्या तीन दिवसांत ज्याच्या गोंड्याला जिताडा लागेल, त्याची खुंटी. चांगुणेला नाही लागला, तर तिने पुन्हा गोंड्याच्या धाग्याला हात लावायचा नाही.

"कबूल," चांगुणा म्हणाली.

पहिल्या दिवशी जोमा तांडेलाच्या होडीच्या एका बाजूला हासुरामचा गोंडा लागला आणि दुसऱ्या बाजूला चांगुणेचा. जोमा खाडीचा जुना माणूस. त्याला तिवरांचं मूळ न् मूळ ठाऊक. त्याने भरतीला होडी वर नेली आणि ओहोटीला खाली आणली. दोन्ही गोंडे गेले तसे परत आले. पाटील म्हणाला, "हासुरामचा निदान दिसायला बरा हाय."

हे वाक्य चांगुणेला फार लागलं. आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते तिने दुसऱ्या दिवशी केलं. लग्नातल्या शालूचा काठ उसवला, त्यातली जर काढली, आणि हासुरामपेक्षा चमकदार गोंडा बांधला. पाटलाने तो सुपात घेतला, फुंकर मारली आणि मान डोलावली. "आता कसं बाय! आता तुला समजलं."

चांगुणेला घटकाभर बरं वाटलं. होडी परत आली तेव्हा तिच्या गोंड्याला एक तिवराचं पान लागलं होतं. आणखी काही नव्हतं. हासुरामचा गोंडाही रिकामाच होता.

पान काढून टाकताना तिने तो गोंडा नीट पाहिला. भिजून त्याचा गोळा झाला होता. जर शिशाला चिकटली होती. तिला स्वतःची लाज वाटली. शालू गेला म्हणून नव्हे. पाटलाने मान डोलावल्यावर आपल्याला बरं वाटलं, म्हणून. पाटील काही गोंडा गिळणार नव्हता. आणि बाप? बापही गिळणार नव्हता. दोन दिवस आपण एकदा बापासाठी बांधला आणि एकदा पाटलासाठी. ज्याने गिळायचा त्याला तर कोणी विचारलंच नाही.

जोमा होडी बांधत होता. तिने विचारलं, "जोमादादा, पान्याखालून गोंडा कसा दिसतो?"

जोमाने कपाळाला हात लावला. "आगो, मी काय मासा हाय? मना काय ठाव!"

"मग मी बगते," चांगुणा म्हणाली.

भर दुपारची वेळ. उधाणाचं पाणी काठोकाठ चढलं होतं. गावाजवळच्या खारबांधाला जिथे उघाडी होती, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायची लाकडी झापवाली मोरी, तिथे चांगुणा गेली. तिने एक बांबू आडवा टाकला. बांबूला तीन गोंडे बांधून पाण्यात सोडले, बापाच्या रीतीचा, जोमाच्या होडीतून मागून आणलेला हासुरामचा आणि आपला शालूचा. मग कास्टा घट्ट केला, पाण्यात उतरली, उघाडीचा खांब धरला आणि डोकं बुडवून डोळे उघडले.

खाऱ्या चिखलाचं पाणी डोळ्यांत गेल्यावर काय होतं, ते ज्याच्या डोळ्यांत गेलंय त्यालाच विचारावं. ती ठसकत वर आली. पुन्हा बुडी मारली. पुन्हा वर आली. बांधावर बाया जमल्या. कोणी म्हणालं, दुःखाने हिचं डोकं फिरलं. हासुरामही आला. "चांगुणावयनी, वर या. खुंटी गेली तर गेली, जीव नका देऊ." त्याच्या बोलण्यात निम्मी काळजी होती आणि निम्मी गंमत. चांगुणेने सातव्यांदा बुडी मारली.

सातव्या बुडीला डोळे सरावले. खालून वर पाहिलं की पाणी पिवळट दिसे, आणि त्याच्या वर आभाळाचा उजेड. त्या उजेडात तिने बापाचा गोंडा शोधला. पाण्याचा जो रंग, तोच गोंड्याचा. तो तिथे असून नसल्यासारखा होता. निवळ पाण्यात बापाचं बरोबर होतं. बांध फुटला, पाणी बदललं, आणि ते बापाला सांगायला बाप राहिला नव्हता. मग तिने हासुरामचा पाहिला. तांबडा रंग चिखलात विरला होता, जर चमकत नव्हती, कारण ऊन तिथपर्यंत पोचतच नव्हतं. रेशीम भिजून त्याची एक काडी झाली होती. शालूच्या गोंड्याकडे तिने फार वेळ पाहिलं नाही.

श्वास संपत आला. ती वर यायला वळली आणि तिचा अंबाडा सुटला. केस पाण्यात पसरले आणि डोळ्यांसमोर आले. काळे केस, मागे उजेड. एकेक केस वेगळा, एकेक हलणारा. त्या चहाच्या पाण्यात तिला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते तेच.

चांगुणा पाण्याबाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोकमासारखे लाल झाले होते. बाया म्हणाल्या, रडली बिचारी. रडली नव्हती. ती तडक गोठ्यात गेली आणि आपल्या काळ्या बकरीच्या पाठीवर कात्री चालवली. बकरीने खूप आरडाओरडा केला, पण त्या दिवशी चांगुणा कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. बकरीचा केस राठ असतो, भिजला तरी चिकटत नाही. त्याचा तिने गोंडा बांधला, घंगाळातल्या पाण्यात ओढून पाहिला, उसवला, पुन्हा बांधला. दिवेलागणीपर्यंत तिचं हेच चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी सुपात दोन गोंडे आले. एक तांबडा, एक काळाकुट्ट. पाटलाने काळा गोंडा हातातसुद्धा घेतला नाही.

"काला? मानाच्या खुंटीला काला? अपशकुन हाय यो!"

जोमानेही मान फिरवली. "माज्या होडीवं काला गोंडा मी नाय घेनार. तांडेल हाय मी, मना चार मानसं परत आनायची हायत."

हासुराम खाली बघून मिशीत हसला.

चांगुणेने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग ती जोमाच्या होडीकडे बोट दाखवून म्हणाली, "जोमादादा, होडीच्या नाळीला काय बांधलंस?"

जोमाने पाहिलं. दृष्ट लागू नये म्हणून होडीच्या नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला, काळी बाहुली बांधलेली होती. सगळ्यांच्याच होड्यांना होती.

"होडीला काली बावली चालते, आनि गलाला काला गोंडा नाय चालत?"

तरी तो गोंडा होडीत घ्यायला कोणी तयार झालं नाही. रीत ती रीत. जोमा हासुरामचा तांबडा गोंडा घेऊन निघून गेला.

"बरं," चांगुणा म्हणाली. "मना पाय हायत." आणि दोर खांद्यावर टाकून ती उघाडीकडे चालू लागली.

भरती पुरी झाली. उघाडी उघडली आणि ओहोटीबरोबर शेतातलं पाणी खाडीत पडू लागलं. त्या पाण्याबरोबर कोळंबी वाहत येते, आणि कोळंबीसाठी जिताडा मोरीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. हे बापानेच तिला सांगितलं होतं. बापाचं सगळंच जुनं झालेलं नव्हतं. चांगुणेने गोंडा फेकला आणि ओढला. काही नाही. पुन्हा फेकला. काही नाही. बांधावर गर्दी वाढत होती आणि पाणी उतरत होतं. ओहोटी संपली की निवाडा झाला.

शंभरेक वेळा तरी तिने गळ फेकला असेल. खांदे भरून आले. मग ती थांबली. गोंडा हातात घेऊन तिने मोरीच्या तोंडाशी वाहत्या पाण्यात धरला आणि स्वतः चिखलात आडवी होऊन, गाल पाण्यात बुडवून, खालून पाहिलं. लोक मोठ्याने हसले. तिला दिसलं की गोंडा फार दाट झालाय. घंगाळातल्या थांबलेल्या पाण्यात तो फुलत होता, या ओढीच्या पाण्यात मिटूनच राहत होता. तिने दातांनी चिमूट चिमूट केस उपटले. निम्मा गोंडा थुंकून टाकला. उरला तो अगदी विरळ, भिकाऱ्याच्या वाकळेसारखा. सुपात घातला असता तर पाटलाने तो कचऱ्यात टाकला असता.

तो तिने फेकला आणि एकदा ओढला. गोंडा पाण्याखाली फुलला, मिटला.

दोर हिसकला गेला. चांगुणा गुडघ्यांवर पडली. दोर तळहातातून सरसर धावला आणि कातडी घेऊन गेला, पण तिने मूठ सोडली नाही. तिने उघाडीच्या खांबाला एक वेढा टाकला, मग दुसरा. पाण्यात ढालीएवढी पाठ वर आली आणि खाली गेली. बांधावरचं हसणं कुठल्या कुठे गेलं. तेवढ्यात जोमाची होडी परत आली, रिकामीच. जोमाने ती पाठ पाहिली, होडी तशीच सोडली आणि कमरेएवढ्या चिखलात उडी मारली. "धर बाय! सोडू नको! आलू मी!" तो ओरडत होता. त्याने कल्ल्यात हात घालून मासा बांधावर उचलून आणला तेव्हा जिताड्याचं शेपूट त्याच्या पोटरीला लागत होतं.

माशाच्या ओठात काळा गोंडा होता. अपशकुन म्हणायला कोणी पुढे आलं नाही.

पाटील आला. त्याने माशाकडे पाहिलं, चांगुणेच्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहिलं. म्हणाला, "खुंटी तुजी." आणि सवयीने सूप मागवलं, गोंडा त्यात ठेवायला.

"सूप नको पाटीलबाबा," चांगुणा म्हणाली. "तुमी पान्यात उतरा."

पाटलाला असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पण समोर हातभर नव्हे, चांगला तीन हात जिताडा पडला होता, आणि त्याच्यापुढे पाटीलकी जरा लहानच दिसत होती. पाटील धोतर खोचून उतरला. पागोट्यासकट त्याने डोकं बुडवलं. चांगुणेने वरून दोन्ही गोंडे सोडले, तांबडा आणि काळा.

पाटील वर आला तेव्हा त्याच्या मिशांतून चिखल गळत होता. पागोट्याचा जरीचा गोंडा भिजून त्याच्या कानाला शेंबडासारखा चिकटला होता.

"मना एकच दिसला," तो म्हणाला. मग पागोटं पिळत म्हणाला, "आनि मी इतकी वर्सं सुपात बगत होतू."

हासुराम मागे उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. चांगुणेने त्याला हाक मारली. "हासुरामभाऊ, तुमचा हात माज्यापेक्षा चांगला हाय. बैलाच्या शिंगाला, पालखीला तुमचाच गोंडा शोभतो, तिथं बगनारी मानसं असतात. पन गलाचा गोंडा शिकायचा असंल तर या."

"काय करावं लागंल, वयनी?" त्याने हळूच विचारलं.

"आदी डोलं उगडं ठेवून बुडी मारा. सात येला."

हासुरामने खाडीच्या पाण्याकडे पाहिलं. मग सदरा काढून ठेवला. गावाने त्या दिवशी त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

पुढे खाडीतला गाळ खाली बसत गेला, तसे त्या गावात खुंटीवर तीन तऱ्हेचे गोंडे लटकू लागले. उधाणाच्या गढूळ पाण्याला काळे. भांगाच्या, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या मंद भरतीच्या, निवळ पाण्याला बापाचे पांढुरके. आणि मधल्या दिवसांना करडे. कोणी नवा गोंडा आणला तर पाटील आधी पागोटं काढून ठेवी आणि मग पाण्यात उतरे. ते सूप पाटलीणबाईंनी तांदूळ पाखडायला परत नेलं.

तात्पर्य: काम ज्याच्यासाठी करायचं त्याच्या डोळ्यांनी ते पाहावं. लोकांची वाहवा आणि वाडवडिलांची रीत, दोन्ही कोरड्यावर बऱ्या दिसतात. त्यातलं खरं किती, ते स्वतः पाण्यात उतरणाऱ्यालाच समजतं.